एकाच इथरनेट केबलवरून स्टोरेज आणि नेटवर्क: एफसीओई बसवताना

नेटवर्क आणि स्टोरेज यांची वाहतूक 10 गिगाबिट इथरनेटच्या केबलींच्या एकाच जोडीवरून नेता यावी, यासाठी फायबर चॅनेल हे स्टोरेजचे खास नेटवर्क तंत्र इथरनेटवरून चालवणारे फायबर चॅनेल ओव्हर इथरनेट, म्हणजेच एफसीओई, हे मानक 2009 मध्ये मान्य झाले. मात्र केबलला हात लावण्यापूर्वी एक फरक नीट ध्यानात घ्यावा. साध्या इथरनेटवर गर्दी झाली की फ्रेम, म्हणजे डेटाचे पुडके, गळते आणि टीसीपी हा प्रोटोकॉल त्यातला डेटा पुन्हा पाठवतो. एफसीओईला टीसीपीचा आधारच नसल्यामुळे एक फ्रेम गळली तरी एससीएसआयची, म्हणजे डिस्कवर वाचण्या-लिहिण्याची, आज्ञा मुदत संपेपर्यंत खोळंबू शकते, आणि तिच्यासोबत डेटाबेसही.

म्हणून सर्वांत आधी पीएफसी (प्रायॉरिटी फ्लो कंट्रोल), म्हणजे 802.1क्यूबीबी हे मानक, सुरू करावे. त्याने इथरनेटच्या आठ प्राधान्यवर्गांपैकी हवा तेवढाच वर्ग क्षणभर थांबवता येतो आणि बाकीची वाहतूक चालू राहते. स्टोरेजसाठी प्रथेने वर्ग 3 वापरतात. सर्व्हरच्या कन्व्हर्ज्ड अडॅप्टरपासून (नेटवर्क आणि स्टोरेज दोन्ही हाताळणाऱ्या कार्डापासून) स्टोरेजपर्यंत वाटेतल्या प्रत्येक इथरनेट दुव्यावर हाच वर्ग असावा. डीसीबीएक्स या, दुव्याच्या टोकांनी आपापल्या सेटिंग एकमेकांना कळवण्याच्या, प्रोटोकॉलने दोन्ही टोकांचे एकमत झाले आहे, हे स्विचवर स्वतः पाहून घ्यावे. या वर्गात दुसरे काहीही घालू नये, कारण संथ स्टोरेजमुळे आलेला थांबा मागे पसरत जातो आणि त्या वर्गातील सगळ्यांनाच अडवतो. फायबर चॅनेलची पूर्ण फ्रेम 2,148 बाइटची असते व ती 1,500 बाइटच्या एमटीयूत (एका फ्रेममध्ये मावणाऱ्या डेटाच्या कमाल मर्यादेत) मावत नाही. या वर्गाचा एमटीयू 2,500 ठेवावा.

या वर्गांमध्ये बँडविड्थची वाटणी ईटीएस (एन्हान्स्ड ट्रान्समिशन सिलेक्शन) करते. निम्मी-निम्मी ही सुरुवात पुरेशी आहे, कारण तो वाटा गर्दीच्या वेळची किमान हमी असतो, कमाल मर्यादा नव्हे.

माझ्या मते खरी काळजी ए आणि बी या दोन फॅब्रिकची, म्हणजे स्टोरेजपर्यंतच्या दोन स्वतंत्र स्विच-जाळ्यांची, घ्यावी लागते. प्रत्येकासाठी वेगळा एफसीओई व्हीलॅन (त्याच केबलवरचे वेगळे आभासी नेटवर्क) द्यावा, तो व्हीलॅन 1 नसावा, आणि दोन स्विचना जोडणाऱ्या दुव्यावरून या दोहोंपैकी एकही व्हीलॅन जाऊ देऊ नये. अन्यथा इथरनेटच्या सोयीपायी स्टोरेजची दोन स्वतंत्र वाटांची शिस्त मोडते. झोनिंग, म्हणजे कोणत्या सर्व्हरला कोणते स्टोरेज दिसावे हे ठरवणे, पूर्वीप्रमाणेच डब्ल्यूडब्ल्यूपीएनवर (पोर्टच्या जागतिक ओळखक्रमांकावर) करावे.

स्थलांतर करताना आधी फक्त बी बाजू एफसीओईवर न्यावी आणि ए बाजू जुन्या फायबर चॅनेलवरच ठेवावी. मग चाचणीच्या सर्व्हरवर लिखाणाचा भार चालू असताना एकेका बाजूची केबल काढून पाहावी, मल्टिपाथ (एक वाट बंद पडल्यास दुसरी वापरणारे सर्व्हरवरील सॉफ्टवेअर) वाट बदलतो का आणि नव्या बाजूवरील वर्ग 3 मधील गळलेल्या फ्रेमची मोजणी शून्यावर राहते का, हे तपासावे, आणि त्यानंतरच ए बाजूला हात घालावा.