माध्यमांत येताय? या चुका टाळा

मास मीडियाला प्रवेश घेतलेल्या मुलामुलींना ‘पुढे काय करणार?’ असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: अँकर. त्यात वाईट काहीच नाही. पण पडद्यावर दिसणाऱ्या एका चेहऱ्यामागे कोण काय करतं आणि त्या कामाला कुठला नियम लागतो, याची माहिती नसेल तर पहिली दोन वर्षं चुकीची दारं ठोठावण्यात जातात. नवख्यांच्या हातून वारंवार होताना दिसतात त्या चुका इथे मांडते आहे.

‘मीडिया’ म्हणजे एकच धंदा समजणं

संध्याकाळी सातचं बुलेटिन घ्या. कुठला रिपोर्टर आणि कुठला कॅमेरामन कुठे जाणार, हे असाइनमेंट डेस्क ठरवतं. तालुक्यातल्या स्ट्रिंगरने (बातमीगणिक मानधन घेणाऱ्या वार्ताहराने) पाठवलेली दृश्यं आणि बाइट (लोकांच्या बोलण्याचे तुकडे) तिथेच येऊन पडतात. मग आउटपुटचं काम सुरू होतं. कॉपी एडिटर स्क्रिप्ट लिहितो, व्हिडिओ एडिटर पॅकेज (दृश्यं आणि आवाज जोडून केलेली बातमी) कापतो, ग्राफिक्सवाले पट्ट्या तयार करतात आणि बुलेटिन प्रोड्युसर रनडाउन, म्हणजे बातम्यांचा क्रम, लावतो. सात वाजून चार मिनिटांनी कुठेतरी पूल खचल्याचा फोन येतो आणि तो रनडाउन मोडतो. पीसीआरमधला (प्रसारणाच्या नियंत्रण कक्षातला) पॅनेल प्रोड्युसर अँकरच्या कानात सांगतो, ‘तिसरी ड्रॉप, फोनोवर ये.’ म्हणजे तिसरी बातमी गाळ आणि फोनवर असलेल्या माणसाशी बोल. अँकरला शांतपणे पुढचं वाक्य बोलता येतं ते मागे ही सगळी माणसं उभी असतात म्हणून. यातल्या प्रत्येक कामात स्वतंत्र करिअर आहे. कॅमेऱ्यासमोरच्या एका जागेसाठी रांग लावण्याआधी ही कामं बघून घ्या.

वर्तमानपत्रातही तसंच. वार्ताहर बातमी आणतो, पण तिला मथळा देणारा, वृत्तसंस्थेची इंग्रजी कॉपी मराठीत आणणारा, जाहिरात आली की बातमी कापून पान नव्याने लावणारा असतो तो उपसंपादक. ज्याला शुद्ध, नेमकं मराठी लिहिता येतं आणि इंग्रजीतून झटपट अनुवाद करता येतो, त्याने डेस्कची वाट जरूर धरावी.

रेडिओबद्दल तर हमखास गैरसमज असतो. खासगी एफएम केंद्रांना स्वतःची बातमीपत्रं प्रसारित करायला आपल्याकडे परवानगी नाही. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं. वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल अशी माहिती देता येते, तेवढंच. म्हणून रेडिओवर बातम्या वाचायच्या असतील तर आरजेच्या ऑडिशनला जाऊन उपयोग नाही, आकाशवाणीचा वृत्तविभाग गाठावा लागतो.

तक्रार भलतीकडेच करणं

‘बातमी चुकीची दिली, प्रेस कौन्सिलकडे जातो,’ हे वाक्य नेहमी ऐकू येतं. बहुतेक वेळा ती बातमी टीव्हीवरची असते. प्रेस कौन्सिल १९७८ च्या कायद्याने चालते आणि तिचा अधिकार वृत्तपत्रं, नियतकालिकं आणि वृत्तसंस्था एवढ्यांपुरता आहे. वाहिन्या तिच्या कक्षेतच येत नाहीत. शिवाय कौन्सिल ताकीद देऊ शकते, ठपका ठेवू शकते, दंड मात्र करू शकत नाही.

समजा, एका प्रकाशनसमूहाने तुमच्याबद्दल चुकीची बातमी दैनिकात छापली, आपल्या वाहिनीवर दाखवली आणि यूट्यूबवरही टाकली. मजकूर एकच असला तरी रस्ते तीन आहेत.

छापील बातमीसाठी आधी संपादकाला लेखी पत्र लिहायचं. अंकाच्या शेवटच्या पानावर तळाशी बारीक अक्षरात मुद्रक, प्रकाशक आणि संपादकांची नावं असतात. पत्र त्या पत्त्यावर, पोच घेऊन. समाधान झालं नाही तर प्रेस कौन्सिल. दैनिक किंवा साप्ताहिक असेल तर प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत. पुष्कळ तक्रारी अडतात त्या इथेच, कारण संपादकाला आधी लिहिलेलंच नसतं.

वाहिनीला १९९५ चा केबल टीव्ही कायदा आणि त्याखालची कार्यक्रम संहिता लागू होते. २०२१ पासून तक्रारीच्या तीन पायऱ्या आहेत: आधी वाहिनी, मग वाहिन्यांची स्वनियमन संस्था आणि शेवटी केंद्र सरकारची समिती. वृत्तवाहिन्यांसाठी एनबीडीएसए नावाचं स्वनियमन प्राधिकरण आहे, पण सगळ्या वाहिन्या त्याच्या सदस्य नाहीत, त्यामुळे वाहिनी कुठे मोडते हे आधी तपासा. तिथली मुदतही कमी असते, म्हणून प्रसारणाची तारीख, वेळ आणि क्लिप त्याच दिवशी जपून ठेवा.

यूट्यूबवरच्या व्हिडिओला २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम आहेत. त्यातली डिजिटल प्रकाशकांसाठीची आचारसंहिता आणि तीन पायऱ्यांची तक्रारव्यवस्था यांना मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये अंतरिम स्थगिती दिली. यूट्यूबच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जाण्याचा मार्ग स्वतंत्र आहे, तो वापरा.

तक्रारीसारखंच परवानगीचंही दार माध्यमागणिक वेगळं असतं. सिनेमाचं प्रमाणपत्र सीबीएफसी (सेन्सॉर बोर्ड) देतं, ओटीटीवरच्या मालिकेचं वयोगटानुसार वर्गीकरण ते व्यासपीठ स्वतः करतं, आणि महाराष्ट्रात नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांनाही हे शेवटचं मंडळ ठाऊक नसतं. मराठी रंगभूमीवर काम करायचं असेल तर ठाऊक असायला हवं.

नाव बदललं म्हणजे ओळख लपली असं समजणं

ही चूक मला सगळ्यात गंभीर वाटते, कारण तिची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते. अत्याचाराच्या बातमीत ‘नाव बदलले आहे’ असं लिहायचं आणि पुढच्याच ओळीत गाव, आश्रमशाळा, इयत्ता, वडील कुठल्या कारखान्यात कामाला आहेत तेही द्यायचं. पुण्या-मुंबईच्या वाचकाला त्यातून काही कळणार नाही. पण दीड हजार वस्तीच्या गावात ती मुलगी कोण, हे बातमी वाचून होईपर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं.

बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याचं कलम २३ याबाबत अगदी स्पष्ट आहे. नाव, पत्ता, फोटो, कुटुंबाची माहिती, शाळा, परिसर, किंवा ज्यावरून ओळख पटेल असा कुठलाही तपशील देता येत नाही. त्याच कलमात कर्मचाऱ्याच्या कृतीसाठी प्रकाशक किंवा मालकालाही जबाबदार धरलं आहे. प्रौढ पीडितेसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आहे, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पीडिता हयात नसली तरी ओळख उघड करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं. त्याच वर्षी जम्मूतल्या कठुआ इथल्या बालिकेवरील अत्याचार आणि खुनाच्या प्रकरणात मुलीची ओळख उघड केल्याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाने अनेक माध्यमसंस्थांना प्रत्येकी १० लाख रुपये भरायला लावले. गुन्ह्यात सापडलेल्या अल्पवयीन मुलांची ओळखही बाल न्याय कायद्याने जपली आहे, हे तर कितीतरी जण विसरतात.

उपाय साधा आहे. बातमी लिहून झाली की त्या गावातला माणूस म्हणून एकदा वाचा. कोण ते ओळखता आलं तर तो तपशील काढा. जिल्ह्याचं नाव बहुधा पुरतं. घराबाहेरून घेतलेलं दृश्य धूसर करूनही दार, अंगण, शेजारचं दुकान ओळखू येतं, तेही वगळा.

गळ्यात कार्ड म्हणजे पत्रकार

पैसे घेऊन प्रेस कार्ड वाटणारी यूट्यूब चॅनेलं गावोगाव झाली आहेत. ‘आरएनआय नोंदणीकृत न्यूज चॅनेल’ असं त्यांच्या माइकवर लिहिलेलं दिसलं तर सावध व्हा. आरएनआयची, म्हणजे वृत्तपत्र निबंधक कार्यालयाची, जागा मार्च २०२४ पासून नव्या कायद्याखालच्या प्रेस रजिस्ट्रार जनरलने घेतली आहे आणि तिथे नोंदणी होते ती नियतकालिकांची. सरकारी अधिस्वीकृती पत्रिका, म्हणजे पत्रकार म्हणून सरकारने दिलेली मान्यता, ही वेगळी गोष्ट आहे. ती राज्याच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाकडून, निकष तपासून मिळते. संस्थेचं ओळखपत्र म्हणजे अधिस्वीकृती नव्हे.

पैसे किंवा भेटवस्तू घेऊन रील करत असाल तर ती जाहिरात आहे, आणि तसं ठळक सांगणं बंधनकारक आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड करू शकतं.

कागद न वाचता सही

मालिकांत कथा, पटकथा आणि संवाद बहुधा वेगवेगळ्या माणसांचे असतात आणि मानधन एपिसोडवर ठरतं. पैसे प्रसारणानंतर ९० दिवसांनी येणं ही रुळलेली पद्धत आहे. नवा लेखक पहिल्या महिन्याचं भाडं या कमाईवर धरून मुंबईत येतो आणि अडकतो. निदान चार-पाच महिन्यांची सोय करूनच या.

करारात काय पाहायचं? स्वामित्व हक्क कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच कंपन्यांच्या करारात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण विश्वात’ असे शब्द असतात. ते दिसले की रक्कम त्या हिशोबाने मागा. तुम्ही पगारी नोकर नसाल, मुक्त लेखन करत असाल, तर लेखाचा पहिला हक्क तुमचाच असतो. दैनिकाने पुरवणीत छापलेला लेख पुढे पुस्तकात घालायचा असेल, तर तो हक्क तुम्ही लिहून दिलेला नाही ना, हे मानधनाच्या पावतीवर सही करतानाच पाहा. पुष्कळदा ती ओळ पावतीच्या मागच्या बाजूला छापलेली असते.