किकवर किक, तरी गाडी सुरू होईना: गॅरेजमध्ये नव्याने शिकणाऱ्यांसाठी

जून लागला की सकाळी नऊलाच गॅरेजसमोर ढकलत आणलेल्या दुचाकी गाड्या उभ्या राहतात. तक्रार एकच, ‘स्टार्टिंग प्रॉब्लेम’. नवीन पोरगा लगेच स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कार्बोरेटरकडे (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) वळतो आणि एअर स्क्रू फिरवतो. मूळ दोष स्पार्क प्लगच्या कॅपमध्ये असतो, पण आता गाडीत दोन दोष झालेले असतात. म्हणून पाना हातात घेण्याआधी गाडीवाल्याशी बोला. गाडी सकाळी थंड असतानाच त्रास देते, की लांब चालवून थांबल्यावर? पावसानंतर सुरू झालं का? महिनाभर उभी होती का? सेल्फवर होत नाही पण किकवर होते का? चोक ओढून होते आणि चोक बंद करताच मरते का? या पाच प्रश्नांत निम्मं निदान होतं.

आधी फुकटातल्या गोष्टी बघा. किल स्विच, पेट्रोलचा कॉक, टाकीत खरोखर किती पेट्रोल आहे, साइड स्टँडचा स्विच. टाकीचं झाकण उघडल्यावर ‘फुस्स’ करून हवा आत गेली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. टाकीत पोकळी होते, पेट्रोल खाली उतरत नाही आणि थोडं अंतर चालून गाडी बंद पडते.

यानंतर प्लग. आमच्या मते सगळ्यात खरं बोलणारा भाग हाच. आठ-दहा किक मारून लगेच तो काढा. ओला असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल पोचतंय, करंट (प्लगची ठिणगी) तपासायचा. कोरडा ठणठणीत असेल, तर पेट्रोलच येत नाही. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलेला. काळा आणि तेलकट म्हणजे इंजिन ऑइल वर येतंय, तिथे प्लग बदलून चार दिवसच निघतील.

करंट बघताना प्लग कॅपमध्ये घालून त्याची लोखंडी बाजू हेडला (सिलिंडरवरचा भाग, ज्यात प्लग बसतो) घट्ट टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब. तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि ठिणगीने पेटते. वायर नुसती हवेत लटकती ठेवून किक मारू नका, त्याने सीडीआय (ठिणगीची वेळ सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) जाऊ शकतो. निळी, कडक ठिणगी हवी. पिवळी-लालसर असेल, तर क्रमाने जा: नवा प्लग, मग कॅप, मग वायरचं टोक पाव इंच कापून पुन्हा कॅप बसवणं, मग कॉइल, आणि त्यानंतर पिकअप कॉइल (ठिणगी कधी पाडायची ते सीडीआयला कळवणारी) व सीडीआय. सीडीआय शेवटी, कारण तो महाग असतो आणि क्वचितच बिघडतो. पावसाळ्यात दोष बहुतेक वेळा कॅपमध्येच असतो: रबर फाटतं, आत पाणी जातं आणि करंट हेडवर उतरतो.

प्लगचा गॅप गाडीप्रमाणे साधारण 0.7 ते 0.9 मिमी, फिलर गेजने (मापाच्या बारीक पात्यांचा संच) मोजा. प्लग लावताना आधी हाताने आटे धरवा. पान्याने जबरदस्ती केली, तर अॅल्युमिनियमच्या हेडचे आटे जातात आणि स्वस्तातल्या प्लगमागे हेडचं काम निघतं.

प्लग कोरडा निघाला, तर कार्बोरेटरच्या वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल काचेच्या भांड्यात घ्या. तळाशी वेगळा थेंब दिसला, तर ते पाणी. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढून घेतं, त्यामुळे उभ्या गाड्यांत हे वरचेवर दिसतं. अशा वेळी टाकी रिकामी करून धुवावी लागते. गाडी फक्त चोकवर चालत असेल, तर स्लो जेट (मंद चालीला पेट्रोल देणारं भोक) बुजलाय किंवा मॅनिफोल्डचं (कार्बोरेटर इंजिनला जोडणारी नळी) रबर तडकून फालतू हवा ओढतंय. जेटमध्ये सुई किंवा तार घालू नका. ते भोक अर्ध्या मिमीहून बारीक असतं, जरा मोठं झालं की गाडी कायमची पेट्रोल पिते. क्लीनर मारा आणि कॉम्प्रेसरची हवा द्या, पण पडद्याचा कार्बोरेटर असेल तर आधी पडदा काढून ठेवा, हवेच्या दाबाने तो फाटतो. एअर स्क्रू काढण्यापूर्वी हलक्या हाताने पूर्ण आत घ्या, किती फेरे लागले ते मोजून लिहून ठेवा आणि परत लावताना पूर्ण आत घेऊन तितकेच फेरे बाहेर काढा.

पेट्रोल ओव्हर झालं, म्हणजे जास्त जाऊन प्लग भिजला असेल, तर चोक बंद, थ्रॉटल पूर्ण उघडी, प्लग बाहेर काढून कॅपसकट भोकापासून लांब हेडला टेकवलेला, आणि दहा किक. प्लग पुसून परत लावा.

करंट आहे, पेट्रोल आहे, तरी गाडी धरत नाही? मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. इथे नवीन मुलं सर्वात जास्त चुकतात, कारण टॅपेटचा (वॉल्व दाबणाऱ्या रॉकरच्या टोकाचा स्क्रू, त्याच्या आणि वॉल्वच्या मधे बारीक गॅप असतो) आवाज येत नाही म्हणजे टॅपेट चांगले, असं त्यांना वाटतं. उलट आहे. सैल टॅपेट वाजतो, टाइट टॅपेट गप्प असतो. वॉल्व सीटमध्ये झिजत खाली बसतो, गॅप संपतो, वॉल्व पूर्ण मिटत नाही आणि दाब निसटतो. इंजिन तापल्यावर एक्झॉस्ट वॉल्व आणखी लांबतो, म्हणून गरम गाडी सुरू व्हायला रडते.

गॅप इंजिन पूर्ण थंड असतानाच तपासा. मॅग्नेटवरची (इंजिनच्या बाजूला फिरणारं चाक) ‘टी’ खूण केसवरच्या खुणेला आणा आणि दोन्ही रॉकर किंचित हलतात ना ते बघा. हलत नसतील, तर मॅग्नेट आणखी एक पूर्ण फेरा फिरवा. शंभर ते दीडशे सीसीच्या बऱ्याच गाड्यांत गॅप 0.05 ते 0.10 मिमीच्या दरम्यान असतो, नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. नट आवळताना गॅप बदलतो, म्हणून आवळल्यावर परत फिलर गेजची पाती घालून बघा.

तरीही दाब कमी असेल, तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाका. दाब वाढला तर दोष पिस्टनच्या रिंगांत, तेवढाच राहिला तर वॉल्वमध्ये. गिऱ्हाइकाला खर्चाचा अंदाज ही चाचणी करूनच सांगा.

गरम झाल्यावर बंद आणि थंड झाल्यावर चालू, अशी गाडी आली, तर बंद पडल्या क्षणीच करंट बघा. करंट नसेल तर कॉइल किंवा पिकअप कॉइल, असेल तर टॅपेट. अर्ध्या तासाने बघितलंत, तर दोन्ही ठीक दिसेल.

2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांत बहुतेक ठिकाणी कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन आहे. किल्ली फिरवल्यावर दोन-तीन सेकंद टाकीतल्या पंपाची घरघर ऐकू आली पाहिजे. आली नाही, तर आधी फ्यूज आणि बॅटरी. उभ्या गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास हवेत, आणि सेल्फ दाबताना दहाच्या खाली गेले तर बॅटरी संपलेली समजा. ‘किक आहे, बॅटरी कशाला?’ हे जुन्या गाड्यांपुरतं खरं होतं. इथे पंप आणि ईसीयू (इंजेक्शन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) दोघांनाही बॅटरी लागते. गाडी पडली असेल, तर किल्ली एकदा बंद करून पुन्हा चालू करा, कारण कलण्याच्या सेन्सरने इंजिन थांबवलेलं असतं.

दुरुस्त झालेली गाडी गरम असताना देऊ नका. शक्य असेल तर रात्रभर ठेवा आणि सकाळी गिऱ्हाइकालाच पहिली किक मारायला सांगा.