पर्ड्यूसारख्या मोठ्या रिसर्च युनिव्हर्सिटीत जायचंय? आधी पैसे कोण देणार ते ठरवा

गणपती बसले की माझ्या फोनवर मेसेज सुरू होतात, दादा यूएसला जायचं म्हणून राहिलो, कुठून सुरुवात करू. व्हॉइस नोट पाठवून पाठवून घसा बसला बाप्पा, म्हणून यावेळी एकदाचं टाइप करून टाकतो. उदाहरणाला इंडियानातलं पर्ड्यू घेतोय. मी स्वतः तिथला नाही, दुसऱ्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत होतो, पण पर्ड्यूचा हिशोब समजला की अशा बाकीच्या बऱ्याच समजतात.

हे प्रकरण काय आहे ते आधी. 1862 ला अमेरिकेत कायदा झाला, सरकारने राज्यांना जमीन दिली की ही विका आणि शेती अन् इंजिनिअरिंग शिकवणारी कॉलेजं काढा, त्यातून 1869 ला पर्ड्यू निघालं. आपल्या नागपूरचं महाराजबागेजवळचं ॲग्रिकल्चर कॉलेज आणि व्हीएनआयटी हे इंजिनिअरिंग कॉलेज एकाच कंपाउंडमध्ये असते तर कसं, तसं काहीसं. (आपली कृषी विद्यापीठं पण याच नमुन्यावर काढलेली.) नील आर्मस्ट्राँग इथेच शिकला, केमिस्ट्रीची 1979 आणि 2010 ची नोबेलं इथल्या प्रोफेसरांना मिळाली, हे सगळं घरच्यांना सांगायला ठीक आहे. तुमच्या कामाची गोष्ट वेगळी. तिथे प्रोफेसरचं मुख्य काम रिसर्च, ग्रँट म्हणजे रिसर्चसाठीचा निधी आणायचा आणि लॅब चालवायची, मग बीएसच्या (तिथली चार वर्षांची पदवी) पहिल्या वर्षाच्या शेकडो पोरांची प्रॅक्टिकल कोण घेणार, पेपर कोण तपासणार? पीएचडीची पोरं. त्यांना म्हणतात टीए (टीचिंग असिस्टंट), आणि ग्रँटच्या पैशावर लॅबमध्ये राबणारा तो आरए (रिसर्च असिस्टंट). असं काम मिळतं की नाही, त्यावरच तुमच्या बाबांचा पीएफ वाचणार की जाणार ते ठरतं.

आता आकडे. पर्ड्यूने 2013 पासून ट्यूशन गोठवून ठेवलंय, इंडियानाच्या पोराला वर्षाचे 9,992 डॉलर आणि बाहेरच्याला 28,794. आपण बाहेरचेच, वरून इंटरनॅशनल म्हणून थोडी जादा फी. राहणं, खाणं, इन्शुरन्स धरलं की चाळीस हजारांच्या वर. डॉलर 85 चा धरला तरी 34 लाख, एका वर्षाचे. बारावीनंतर बीएसला जायचं तर हे गुणिले चार, फॉर्म कॉमन ॲप या वेबसाइटवरून, सॅट ही प्रवेशपरीक्षा लागते, आणि खर्च बहुतेक घरूनच. ज्याच्या घरी एवढे आहेत त्याला माझी गरज नाही.

एमएस मध्ये दोन प्रकार, थिसिसवाला आणि बिनथिसिसचा. बिनथिसिसच्या पोराला कोर्स करून बाहेर पडायचं असतं, त्याच्यावर प्रोफेसर ग्रँट खर्च करत नाही, म्हणजे तो सरळसरळ गिऱ्हाईक. थिसिसवाल्याला आरए मिळू शकतं, पण मिळेलच असं धरून कर्ज काढू नका. पीएचडीचं उलटं आहे. सायन्स, इंजिनिअरिंगमध्ये बहुतेक ठिकाणी ट्यूशन माफ, आठवड्याला 20 तास टीए किंवा आरएचं काम, आणि त्याचा महिन्याला पगार. श्रीमंत नाही होणार, भाडं निघतं. आणि त्यासाठी एमटेक लागतंच असं नाही, चार वर्षांच्या बीईवर डायरेक्ट पीएचडीला अर्ज करता येतो! हे मला कोणीच सांगितलं नव्हतं, आमच्या कन्सल्टंटने आठच्या आठ ठिकाणी बिनथिसिसचं एमएस टाकायला लावलं, मी पण मान हलवत बसलो. तीन वर्षांच्या बीएस्सीवाल्यांची मात्र बऱ्याच ठिकाणी अडचण होते, त्यांनी एमएस्सी करूनच अर्ज टाकलेला बरा.

पण पाच वर्षं एकाच विषयात डोकं घालायची तयारी नसेल तर फक्त फुकट आहे म्हणून पीएचडीला जाऊ नका, अर्ध्यात सोडणारे मी पाहिलेत.

अर्जात सगळ्यात जास्त वेळ कशाला द्यायचा तर प्रोफेसर शोधायला. रँकिंगची यादी बाजूला ठेवा, डिपार्टमेंटच्या साइटवर जाऊन कोण काय करून राहिलंय ते वाचा, प्रत्येकाचे दोन-तीन अलीकडचे पेपर काढा, समजला नाही तरी शेवटचा 'पुढे काय करायचंय' वाला भाग वाचाच. मग मेल, आठ-दहा ओळींचा, त्यात तुमचं काम आणि त्यांच्या कामातली एक नेमकी गोष्ट. 'रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी हार्डवर्किंग' वाले मेल उघडल्या उघडल्या डिलीट होतात. मी तर कॉपी-पेस्टच्या नादात एका प्रोफेसरला दुसऱ्याचं नाव टाकून मेल पाठवला होता, उत्तर यायचा प्रश्नच नव्हता.

दाखवायला काम पाहिजे ना पण. नागपुरात राहून ते होतं. नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था इथेच आहे, वर्धा रोडला, पाणी, हवा, कचरा यातलं काही करायचं तर फायनल इयरचा प्रोजेक्ट तिथे मिळतो का बघा. ॲग्रीवाल्यांना कापूस संशोधन संस्था आहे, लिंबूवर्गीय फळांची आहे. सहा महिने खरं काम केलं की शिफारसपत्र देणाऱ्याकडे तुमच्याबद्दल लिहायला काहीतरी असतं. पत्रं तीन लागतात, आणि एचओडीने सगळ्यांना दिलेलं छापील पत्र वाचणाऱ्याला लगेच कळतं.

क्लास ऑगस्टमध्ये सुरू होतात आणि पीएचडीच्या बऱ्याच डेडलाइन आदल्या डिसेंबरात, म्हणून टोफेल ही इंग्रजीची परीक्षा दिवाळीआधी उरकून घ्या. जीआरई ही प्रवेशपरीक्षा कुठे मागतात कुठे नाही, प्रत्येक डिपार्टमेंटचं पाहा, आता ती दोन तासांच्या आत संपते. आपल्या विद्यापीठाकडे ट्रान्सक्रिप्टसाठी (सगळ्या वर्षांच्या मार्कांची अधिकृत प्रत) अर्ज ऑगस्टमध्येच टाका. फंडिंगची ऑफर आली तर 15 एप्रिलपर्यंत विचार करायला वेळ असतो, ही तारीख पाळायचं कबूल केलेल्या युनिव्हर्सिटींची यादी असते, त्यातल्या युनिव्हर्सिटी त्याआधी उत्तर द्या म्हणून जबरदस्ती करत नाहीत, घाबरून पहिल्याच ऑफरला हो म्हणू नका.

कर्ज काढायचंच असेल तर सरकारी बँकांच्या नेहमीच्या स्कीममध्ये साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, त्याच्या वर घर किंवा प्लॉट मागतात. आणि इथे नागपूरची खास भानगड, लेआउटमधल्या प्लॉटला एनआयटीचं (नागपूर सुधार प्रन्यासचं) आरएल, म्हणजे प्लॉट नियमित असल्याचं पत्र, आहे का ते आजच बाबांना विचारा, नसेल तर बँकवाला फाइल परत करतो आणि ते काढायला किती चकरा होतात ते ज्याने मारल्या त्यालाच माहीत. एससीच्या मुलामुलींसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, त्यात युनिव्हर्सिटीच्या रँकिंगची अट असते, तेवढ्यासाठी रँकिंग जरूर बघा.

ॲडमिशन झाली की युनिव्हर्सिटीकडून आय-20 येतं (व्हिसासाठी लागणारा कागद, त्यावर वर्षाचा खर्च लिहिलेला असतो), मग सेविस या विद्यार्थी-नोंदणीचे 350 डॉलर, व्हिसाचे 185, आणि इंटरव्ह्यूला मुंबई, बीकेसीत. विदर्भ नाहीतर दुरांतोचं तिकीट तारीख मिळाल्या मिळाल्या काढा आणि एक दिवस आधीच पोचा. खिडकीवर दोन-तीन मिनिटांचं काम असतं, हमखास विचारतात की खर्च कोण करणार. असिस्टंटशिपचं लेटर हातात असेल तर ते पुढे करायचं, नसेल तर बँकेचं मंजुरीपत्र आणि बाबांचं खातं, आणि त्यातला प्रत्येक आकडा आय-20 वरच्या आकड्याशी जुळतो का ते जाताना गाडीतच बसून ताडून घ्या.