जर्मनीतले पहिले चार आठवडे: खान्देशातून निघणाऱ्यांसाठी

बॅग भरायला घेतली की आधी दुधाचे पदार्थ बाजूला काढा. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत. तूप, पेढे, खव्याची मिठाई, सगळं त्यात आलं. कस्टमला सापडलं तर जप्त होतं, वर दंडही बसू शकतो. ताज्या फळभाजीला प्रमाणपत्र लागतं. त्यातून फक्त केळी, अननस, नारळ, खजूर आणि ड्युरियन वगळलेले आहेत. म्हणजे रावेर-यावलची केळी चालतील, पण कैऱ्या आणि भरताची वांगी घरीच ठेवा. काळा मसाला, कळण्याचं पीठ, बिबडे, शेंगदाण्याची चटणी खुशाल न्या. प्रत्येक पुडीवर नाव लिहा आणि मसाल्याला दोन पिशव्या घाला, नाहीतर सगळ्या कपड्यांना वास लागतो.

भांडी निवडताना बुडाला लोहचुंबक लावून बघा. चिकटला तरच ते भांडं इंडक्शनवर तापेल. ॲल्युमिनियमचा कुकर आणि गोल बुडाची कढई तिथे निरुपयोगी आहे. वीज आपल्यासारखीच 230 व्होल्टची असते, पण आपली तीन पिनांची प्लग तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही. मिक्सर नेणार असाल तर अर्थिंग असलेला अडॅप्टर इथूनच घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम: पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असते. पासपोर्ट, भरलेला अर्ज आणि घरमालकाने सही करून दिलेलं 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग' हे पत्र लागतं. नुसता भाडेकरार दाखवून भागत नाही, आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. सुट्टीपुरत्या भाड्याच्या खोल्यांचे मालक हे पत्र सहसा देत नाहीत. म्हणून खोली ठरवण्याआधीच विचारा, 'पत्र देणार का?' उत्तर 'नाही' असं आलं तर भाडं कितीही कमी असो, ती खोली कायमच्या राहण्यासाठी घेऊ नका. घर बघण्याआधी अनामत मागणाऱ्याला एक युरोसुद्धा पाठवू नका. घराचं खोटं आमिष दाखवून पैसे उकळणारे पुष्कळ आहेत. अनामत मूळ भाड्याच्या तिपटीपेक्षा जास्त घेता येत नाही, तसा कायदाच आहे. मोठ्या शहरांत नोंदणीची वेळ मिळायला आठवडे लागतात, म्हणून घर पक्कं झाल्याबरोबर जळगावात किंवा धुळ्यात बसूनच ऑनलाइन वेळ घ्या. जवळची तारीख मिळाली नाही तर प्रयत्न केल्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.

नोंदणी झाली की कर क्रमांक टपालाने येतो. तो नोकरीच्या ठिकाणी कंपनीला मिळाला नाही तर पगारातून सगळ्यात जास्त दराने कर कापला जातो. बँकेचं कार्ड आणि त्याचा पिनही टपालानेच येतात, वेगवेगळ्या पाकिटांतून. आणि तिथल्या पत्त्यात फ्लॅट नंबर सहसा नसतो. टपालवाला पेटीवरचं नाव वाचून पत्र टाकतो. नाव नसेल तर पत्र परत जातं. म्हणून पहिल्याच दिवशी पासपोर्टवरचं आडनाव कागदावर ठळक लिहून पेटीला आणि दारावरच्या घंटीला चिकटवा. पाठोपाठ रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचं पत्र येईल. ती फसवणूक नाही. घरटी महिन्याला 18.36 युरो भरावेच लागतात. घरातला दुसरा कुणी भरत असेल तर त्याचा शुल्क भरण्याचा खाते क्रमांक कळवला की पुरतं.

स्वयंपाकघरात खरी काळजी फोडणीची. घराघरात धुराचा अलार्म असतो, आणि वसतिगृहात तो थेट अग्निशमन दलाशी जोडलेला असू शकतो. विनाकारण गाडी आली तर खर्च तुमच्या माथी येऊ शकतो. तेल नऊपैकी सहाव्या आकड्यावर तापवा, खिडकी पूर्ण उघडा, वरचा पंखा चालू करा आणि खोलीचं दार बंद ठेवा. धूर जावा म्हणून पोरं दार उघडतात आणि मग बोळातला अलार्म वाजतो. पंख्याच्या भरवशावर राहू नका. भाड्याच्या घरांतले बरेच पंखे हवा बाहेर फेकतच नाहीत, गाळून पुन्हा खोलीतच सोडतात.

भरीत ओव्हनमध्ये चांगलं होतं. मोठं जांभळं वांगं काट्याने पाच-सहा ठिकाणी टोचा, नाहीतर फुटतं. ट्रेला फॉइल लावून 220 अंशांवर 40 ते 45 मिनिटं ठेवा, मध्ये एकदा उलटा, शेवटची पाच मिनिटं ग्रिल लावा. त्या वांग्याला आपल्यापेक्षा पाणी जास्त सुटतं, म्हणून सोलल्यावर दहा मिनिटं चाळणीत निथळू द्या, मगच मिरची-लसूण घालून ठेचा. पऱ्हाट्यांवर भाजल्याची चव येत नाही. धुरावलेली पाप्रिका पूड चिमूटभर घातली तर थोडी जवळ जाते. हिरव्या मिरच्या तुर्की किंवा आशियाई दुकानात मिळतात.

जेवण झालं की खिडकी पाच ते दहा मिनिटं सताड उघडा, थंडीतही, दिवसातून दोन-तीनदा. नुसती तिरकी करून दिवसभर ठेवली तर भिंत गार पडते, ओल धरते, बुरशी येते, आणि घर सोडताना अनामतीतून पैसे कापले जातात.

कचऱ्याचे डबे वेगवेगळे: कागद, प्लास्टिकचं आवरण, ओला कचरा, उरलेला कचरा. रंग गावागणिक बदलतात, म्हणून झाकणावरचं वाचा. काचेच्या बाटल्या रंगाप्रमाणे रस्त्यावरच्या पेट्यांत टाकायच्या, पण रविवारी किंवा रात्री नाही. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर 25 सेंट अनामत असते. न चेपता दुकानातल्या यंत्रात टाका आणि मिळालेली चिठ्ठी गल्ल्यावर द्या.

रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवारी दिवसभर शांतता पाळतात. मिक्सर, ड्रिल, खिळे ठोकणं, सगळं शनिवारी उरका. रविवारी दुकानंही बंद असतात. अगदीच अडलं तर मोठ्या रेल्वे स्टेशनातली उघडी सापडतात. घरी फोन करताना लक्षात ठेवा, उन्हाळ्यात आपण साडेतीन तास पुढे असतो आणि हिवाळ्यात साडेचार.

बस-ट्रॅमचं कागदी तिकीट काढून भागत नाही, त्यावर वेळेचा शिक्का लागत असेल तर तोही उमटवावा लागतो. राहिला तर 60 युरो दंड.

साधी पॅरासिटामॉलही किराणा दुकानात मिळत नाही, औषधांच्या दुकानातच मिळते, म्हणून पहिल्या महिन्यापुरती औषधं चिठ्ठीसह सोबत न्या. जिवावर बेतलं तर 112, पोलिसांसाठी 110, आणि दवाखाना बंद असताना डॉक्टर हवा असेल तर 116117.