कच्चं मोजायचं का शिजलेलं? कॅलरी मोजतानाचा वजनाचा घोळ

सुरुवातीला मी सोया चंक्स भिजवून, पिळून वजन केलं, १५० ग्रॅम भरले, तेवढेच ॲपमध्ये टाकले आणि ॲपने दाखवलं ७८ ग्रॅम प्रोटीन. एका वाटीत! आठवडाभर मी हवेत. मग एकदा पाकीट नीट वाचलं तर तो १०० ग्रॅमला ५२ वाला आकडा कोरड्या चंक्सचा होता, आणि कोरडे मोजून भिजवले तेव्हा कळलं की माझ्या त्या वाटीत खरे चंक्स जेमतेम ५० ग्रॅम, बाकी सगळं नळाचं पाणी. म्हणजे प्रोटीन २६.

तर मुद्दा एवढाच आहे की शिजवताना पाणी आत जातं नाहीतर बाहेर पडतं, कॅलरी तिथेच राहतात. भात, डाळ, कडधान्य पाणी पितात म्हणून वजन वाढतं, चिकन पाणी सोडतं म्हणून कमी होतं. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण ३५५ कॅलरी, १०० ग्रॅम शिजलेल्या भातात १३० च्या आसपास. कच्चं मोजलंत तर ॲपमध्ये कच्च्याची एंट्री निवडा, शिजलेलं मोजलंत तर शिजलेल्याची. पण मी म्हणेन कच्चंच धरा, कारण तांदूळ रोज तोच असतो, भात रोज वेगळा होतो. पाकिटावरचे आकडेही कच्च्याचेच असतात. हैदराबादच्या एनआयएनने (राष्ट्रीय पोषण संस्था) २०१७ मध्ये काढलेली भारतीय पदार्थांची टेबलं आहेत, त्यातही धान्य, डाळी सगळं कच्चंच धरलंय, फक्त तिथे आकडा किलोज्यूलमध्ये असतो, कॅलरीसाठी ४.१८ ने भागायचा, नाहीतर तांदळाचे १४९१ बघून भात सोडाल.

आता तुम्ही म्हणाल, घरात भात चौघांचा एकत्र लागतो, मी माझा वेगळा शिजवू का? नाही हो. आधी कुकरचा रिकामा डबा काट्यावर ठेवून त्याचं वजन मोबाईलमध्ये लिहून ठेवा, हे एकदाच करायचंय. मग तांदूळ मोजा, समजा २५० ग्रॅम. भात झाला की डब्यासकट वजन करा, डब्याचं वजा करा, समजा ७०० ग्रॅम भात उरला. तुम्ही ताटात घेतला १८०. आता १८० गुणिले २५० भागिले ७००, आले ६४ ग्रॅम तांदूळ, म्हणजे २३० कॅलरी. हेच १८० ग्रॅम चुकून ‘तांदूळ, कच्चा’ म्हणून टाकले असते तर ६४० दिसल्या असत्या आणि तुम्ही रात्री उपाशी झोपला असता.

वरणाला हेच गणित, फक्त वजन शेवटचं पाणी घालून उकळी आल्यावर करा. आमच्याकडे एक दिवस घट्ट गोडं वरण असतं आणि दुसऱ्या दिवशी कोणी पाहुणे आले की त्याच डाळीत दोन तांबे पाणी वाढतं, त्यामुळे ‘डाळ, शिजलेली, एक वाटी’ या एंट्रीवर माझा शून्य विश्वास आहे. मोड आलेल्या मटकीचंही तेच, भिजवायच्या आधी मोजा. पोळ्यांना सोपं आहे, ३०० ग्रॅम कोरड्या कणकेच्या १२ पोळ्या झाल्या तर पोळीला २५ ग्रॅम कणीक धरा, गोळे लहानमोठे असतील तर दोनचार ग्रॅमसाठी लाटणाऱ्याशी भांडू नका.

खरा चोर तेल आहे. ग्रॅमला ९ कॅलरी, आणि फोडणीचं तेल कोणीही चमच्याने मोजत नाही, किटली तिरकी करतात आणि अंदाजाने ओततात. आईला ‘जरा मोजून घाल ना’ म्हटलं की काय ऐकावं लागतं ते मला माहितीये, म्हणून मी गुपचूप किटलीच मोजतो. स्वयंपाकाआधी ६४२ ग्रॅम, नंतर ६१४, म्हणजे २८ ग्रॅम तेल, २५० कॅलरी भाजीत गेल्या, मी भाजीचा पाव हिस्सा घेतला तर ६३ माझ्या. तळणाला असंच करा पण कढईतलं उरलेलं तेल परत किटलीत गाळल्यावर.

चिकन उलटं चालतं. बोनलेस ब्रेस्ट कच्चं १०० ग्रॅम म्हणजे १२० कॅलरीच्या आसपास, तेच तव्यावर भाजलं की ७५ ग्रॅम भरतं, कॅलरी तेवढ्याच. ते ७५ तुम्ही कच्चं म्हणून टाकलंत की रोज पाव हिस्सा कमी मोजला जातो आणि मग वजन का हलत नाही म्हणून डोकं धरून बसता. रस्स्यातलं हाडाचं चिकन असेल तर ताटात घेतलेले पीस मोजा, जेवून झाल्यावर हाडं मोजा आणि वजा करा, पण इथे मात्र एंट्री शिजलेल्या चिकनची हवी. घरचे बघत राहतात, बघू द्या. रस्सा वेगळा धरा, त्यात तेल आणि खोबरं असतं.

काटा साधा डिजिटल, ५ किलोपर्यंतचा घ्या, कुकरचं भांडं भरून ठेवलं तरी चालला पाहिजे. आणि रिकामी वाटी ठेवून टेअरचं, म्हणजे आकडा शून्य करायचं, बटण दाबल्याशिवाय वाटीत काही घालू नका, माझ्या स्टीलच्या वाटीला मी दोनदा पोहे म्हणून मोजलंय.