पाक दिला, पण डाळ कुठाय? नव्या मधपाळांसाठी

पावसाळ्यात पेट्या सांभाळायला घेतलेला नवा माणूस पहिला प्रश्न साखरेच्या पाकाबद्दल विचारतो. साखर किती, पाणी किती, किती दिवसांनी द्यायचा? परागाबद्दल क्वचितच कोणी विचारतं. पाक ही माशीची नुसती भाकरी झाली. पिलावा, म्हणजे अंडी-अळ्या-कोष मिळून वाढणारी पिल्लं, वाढवायला प्रथिनं लागतात आणि ती परागातूनच येतात.

पिल्लांना भरवायचं काम साधारण 6 ते 12 दिवसांच्या दाई माश्यांचं. त्या पराग खातात, त्यांच्या डोक्यातल्या ग्रंथींतून दूध स्रवतं आणि ते अळीला मिळतं. एक कामकरी माशी तयार व्हायला सव्वाशे मिलिग्रॅमहून जास्त पराग लागतो. पराग आटला की दाई माश्या आधी स्वतःच्या अंगातली प्रथिनं मोडून अळ्यांना भरवतात, त्यामुळे काही दिवस वरून सगळं आलबेल दिसतं. मग त्या अंडी आणि कोवळ्या अळ्या खायला लागतात. तोवर पाकाचं भांडं भरलेलं असतं आणि मालक निर्धास्त.

म्हणून पेटी उघडल्यावर माश्या मोजत बसू नका, अळ्या बघा. पिलाव्याची मधली चौकट काढायची, सूर्य पाठीशी घ्यायचा आणि उजेड अळीच्या मेणाच्या घराच्या तळापर्यंत जाईल इतकी चौकट तिरपी करायची. अळी पांढऱ्या चकचकीत दुधात पहुडलेली दिसली तर काळजी नाही. कोरड्या तळाला चिकटलेली दिसली तर उपासमार सुरू झाली आहे. पिलाव्याभोवती परागाचा रंगीत पट्टा असतो, तोही बघा. तो गायब आणि नर बाहेर हाकलले जात असतील तर खाद्य त्याच दिवशी द्या.

‘पण पराग तर येतोय, मका फुललाय की!’ हे हमखास ऐकायला मिळतं. पायाला पिवळे गोळे लावून माश्या येतात, खरंय. पण मका आणि सूर्यफुलाच्या परागात प्रथिनं 15 टक्क्यांच्या आसपास, मोहरीच्या परागात 20 च्या पुढे. शिवाय माशीला 10 अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, बाहेरून मिळावी लागतात, हे डी ग्रूट या संशोधकांनी 1953 मध्येच दाखवलं होतं. त्यातलं एखादं तोकडं पडलं की बाकीचं असून उपयोग होत नाही. एकाच पिकाच्या रानात पेट्या असतील तर हे लक्षात ठेवा. बांधावर चार जातींची तणं फुललेली जागा मला एकसुरी मक्यापेक्षा कधीही बरी वाटते.

आता परागाला पर्यायी खाद्य. जुनं माप 3:1:1, म्हणजे तेल काढलेलं सोयापीठ तीन भाग, ब्रूअर्स यीस्ट एक भाग, साय काढलेल्या दुधाची पावडर एक भाग. दुधातली साखर माशीला मानवत नाही, म्हणून मी पावडर वगळून यीस्ट वाढवते. सोया कच्चं नको, भाजलेलं आणि मैद्यासारखं बारीक हवं. जाडसर राहिलं तर माश्या ते कणाकणाने दारातून बाहेर टाकतात. निम्म्याहून थोडी जास्त पिठीसाखर मिसळून घट्ट पाकात मळायचं. बोटाला चिकटणार नाही आणि चौकटींच्या फटीतून ओघळणार नाही इतपत घट्ट. चपटी वडी बटरपेपरवर ठेवून पिलाव्याच्या थेट वर, चौकटींच्या डोक्यावर द्यायची. दोन बोटं लांब ठेवली तरी माश्या तिकडे फिरकत नाहीत. चार-पाच दिवसांत संपेल एवढंच द्या, उरलेल्याला बुरशी येते आणि मेणकिडा जमतो. चव लागावी म्हणून थोडा पराग घालतात, पण तो आपल्याच निरोगी पेट्यांचा असावा. बाजारचा मध तर अजिबात घालू नका, त्यातून फाउलब्रूड हा पिलाव्याचा जिवाणूजन्य रोग येऊ शकतो. गूळही नको, माश्यांना हगवण लागते.

वेळेचं गणित सोपं आहे. अंड्यापासून माशी व्हायला 21 दिवस आणि ती चरायला बाहेर पडायला आणखी तीनेक आठवडे. म्हणजे फुलोऱ्याच्या सहा आठवडे आधी खाद्य सुरू. डिसेंबरातल्या राजस्थानच्या मोहरीसाठी पेट्या नेणार असाल तर ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत वडी गेलेली असायला हवी. मोहरी फुलल्यावर दिलेली वडी म्हणजे पैसे पाण्यात.

सातेरी, म्हणजे आपली देशी मधमाशी, पाळणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. वसाहत लहान, म्हणून वडीही लहान. उपाशी सातेरी वाट बघत नाही, पोळं सोडून निघून जाते. खाद्य संध्याकाळी द्या आणि दार अरुंद करा, नाहीतर शेजारच्या पेट्या लुटालूट करतात.

शिकायला पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे, महाबळेश्वरला मध संचालनालय आहे. तिथलं प्रशिक्षण जरूर घ्या, पण त्यानंतर स्थलांतर करणाऱ्या एखाद्या मधपाळाकडे जून ते सप्टेंबर राबा. मध काढणीच्या हंगामात सगळेच शिकवायला तयार असतात, पावसाळ्यात मात्र हाताखाली माणूस हवा असतो, त्यामुळे कामही लवकर मिळतं.