लग्नाचा कागद मिळत नाही, तर बाकीचे कागद पक्के करा

समलिंगी लग्नाला कायदेशीर मान्यता देण्यास सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला. परिणाम घरातच दिसतो. मूलबाळ नसलेला अविवाहित हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर त्याचं सगळं आधी आईकडे जातं. वीस वर्षं एका चुलीवर जेवलेल्या जोडीदाराचं नाव वारसांच्या यादीत कुठेच नसतं.

म्हणून पहिलं काम मृत्युपत्राचं. स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. जोडीदाराचं पूर्ण नाव, पत्ता आणि ‘माझा जोडीदार’ हे शब्द स्पष्ट लिहा. ‘मित्र’ लिहून मोकळे होऊ नका. फ्लॅट, खाती, दागिने एकेक करून नोंदवा. घरच्यांना का वगळलं तेही दोन ओळींत लिहा. पुढे ‘कुणीतरी दबाव टाकला’ असा आरोप झाला तर त्या ओळी कामी येतात. प्रत्येक पानावर सही करा. शेवटच्या सहीच्या वेळी दोन साक्षीदार समोर हवेत आणि त्यांनीही तुमच्यासमोर सही करायची. ज्याला मालमत्ता मिळणार त्याला साक्षीदार करू नका. भांडण इथूनच सुरू होतं. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधक कार्यालयात करूनच घ्या. वय जास्त असेल तर त्याच दिवसाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त देता येत नाही.

‘नॉमिनी केलंय, झालं’ हा गैरसमज फार महागात पडतो. नॉमिनीच्या हातात पैसे येतात, पण मालकी वारसांची राहते. विम्यातही आई-वडील, नवरा-बायको, मुलं यांना जो हक्क मिळतो तो जोडीदाराला मिळत नाही. तेव्हा नॉमिनेशन आणि मृत्युपत्र दोन्ही हवं. पीएफला तर आणखी अडचण: तुमच्यावर अवलंबून असलेले आई-वडील असतील, तर जोडीदाराचं नॉमिनेशन टिकत नाही.

बँकेत दोघांचं जॉइंट खातं काढा, ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ (दोघांपैकी कुणीही, आणि एक गेला तर उरलेला खातं चालवू शकतो) लिहूनच. काउंटरवर नकार मिळाला तर केंद्रीय अर्थ मंत्रालयाचा २८ ऑगस्ट २०२४ चा खुलासा दाखवा: एलजीबीटीक्यू व्यक्तींना जॉइंट खातं काढायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला कोणतीही बंदी नाही. तरी ऐकलं नाही तर लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

नागपुरातलं सरकारी मेडिकल असो, मेयो असो की धंतोलीतलं खाजगी हॉस्पिटल, ‘नातेवाईक कोण?’ हा प्रश्न रात्री दोन वाजताही येतो. मुखत्यारपत्र माणसाच्या मृत्यूबरोबर संपतं, त्याच्या भरवशावर राहू नका. शेवटच्या आजारातल्या उपचारांसाठी आगाऊ वैद्यकीय निर्देशपत्र करून त्यात जोडीदाराचं नाव निर्णय घेणारा म्हणून लिहा. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या आणि नोटरीची साक्ष घ्या. मूळ प्रत कपाटात, झेरॉक्स जोडीदाराच्या बॅगेत.

घरच्यांनी जोडीदाराला कोंडून ठेवलं असेल तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात हेबियस कॉर्पस, म्हणजे कोंडलेल्या व्यक्तीला कोर्टासमोर आणण्याची याचिका, दाखल करता येतं. न्यायाधीशांनी त्या व्यक्तीशी घरच्यांना बाजूला ठेवून बोलावं, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये सांगितलंय. वकिलाची ऐपत नसेल तर सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण गाठा किंवा १५१०० ला फोन करा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही.